खून मीच केली

त्या सिनेमात एक प्रसंग आहे. बंदरावर मुडदा सापडतो, फौजदार दरडावून विचारतो, "खून किसने किया?" आणि हातात चुन्याची बादली घेतलेला एक म्हातारा कोळी छाती पुढे काढून सांगतो, "मैंने किया, साब. हर साल करता है." विरारच्या थिएटरात मी तो पाहिला तेव्हा माझ्या शेजारची बाई इतकी हसली की तिच्या मांडीवरचे पॉपकॉर्न माझ्या चपलांवर सांडले. "सॉरी हं," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. मी हसले नाही. तो म्हातारा माझ्या ओळखीचा होता. पडद्यावरचा नव्हे, तो तर एक नावाजलेला नट होता, तोंडाला काजळी फासून कोळी झालेला. खरा म्हातारा वसईच्या पाचूबंदरला राहत होता आणि त्याची होडी त्या वेळी धक्क्याला लागलेली होती.

सिनेमाबद्दल लिहिण्याआधी एका अक्षराबद्दल लिहायला हवं. शाळेच्या पुस्तकात 'खूण' वेगळी आणि 'खून' वेगळा. पाचूबंदरच्या तोंडात ण नाही. तिथं पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन, मरण म्हणजे मरन. तशीच खूण म्हणजे खून. बाहेरच्या माणसाला यात मोठा घोटाळा वाटतो. तिथल्या माणसाला कधीच वाटत नाही, कारण एक 'ती खून' असते आणि दुसरा 'तो खून'. समुद्रात जाळं कुठं लावलंय ते किल्ल्याच्या बुरुजाशी नजर जुळवून लक्षात ठेवतात, ती खून. शेजाऱ्याची हद्द कुठं संपते, ती खून. हे शब्द माणसं दिवसभर वापरतात आणि कोणी कोणाला पोलिसांत देत नाही.

तांडेलकाकांना मात्र नेलं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. सगळं बंदर त्यांना तांडेल म्हणायचं, म्हणून मी तांडेलकाका म्हणायचे. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट आहे. धक्क्याच्या मागे गावाचं मासे वाळवायचं खळं आहे. बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगलेले, खाली जवळा पसरलेला, आणि चारी बाजूंना हद्दीचे जुने दगड. पावसाळा सरला की काका त्या दगडांना चुना लावायचे. त्यांचे वडील लावायचे, त्यांच्या आधी आजोबा. त्या वर्षांत वसईत जमिनींमागून जमिनी विकल्या जात होत्या. खळ्याला लागून एका बांधकामवाल्यानं पत्र्याची शेड टाकून रखवालदार बसवला होता. एका सकाळी काका बादली घेऊन गेले तर दगडाशेजारी तो रखवालदार मरून पडलेला, आणि भोवती पोलीस.

यापुढची गोष्ट काका स्वतः सांगायचे, आणि काय सांगायचे. होडीवर, लग्नाच्या मांडवात, मयताच्या ओट्यावरसुद्धा.

"फौजदार मला इचारतो, खून कोनी? मी बोललो, मीच केली. तो बोलतो, तू? मी बोललो, मंग कोन करनार, दर वर्साला मीच करतो. तो हवालदाराच्या तोंडाकडं बघतो. मंग बोलतो, दर वर्साला? मी बोललो, माजा बापूस करायचा, आजा करायचा, आमच्या घरान्याचा मान हाय. बोलतो, कशानं करतंस? मी बादली दावली. चुन्यानं."

इथपर्यंत ऐकणारे पोट धरून वाकलेले असायचे. काका गंभीर चेहऱ्यानं थांबायचे, आणि मग म्हणायचे, "मंग मला बोलले, चल."

संपली गोष्ट. यापुढे ते कधीच गेले नाहीत. चहाचा कप उचलायचे, नाहीतर कोणाला तरी हाक मारायचे. पुढचं गावाला ठाऊक होतं, पण तुकड्यातुकड्यानं. रखवालदार दारूच्या नशेत दगडावर पडून मेला होता, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर काकांना सोडलं. तोवर बरेच दिवस गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. डाव्या बाजूनं हाक मारली तर ते वळायचे नाहीत, आणि नवीन माणसाला ते शिष्ट वाटायचे.

माझी त्यांची ओळख पत्रकांमुळे. माझे बाबा नोकरीला मुंबईत, राहायला वसईत, आणि जीव जमीन बचावाच्या चळवळीत. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द असावा. खळ्यासाठी काढलेली पत्रकं घेऊन बाबा पाचूबंदरला जायचे तेव्हा सायकलच्या मागे मी असायची. काकांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. ती लिलावात मासळी घेऊन बाजारात विकायची आणि तिचा आवाज तिन्ही ठिकाणी एकच असायचा, धक्क्यावर, बाजारात आणि घरात. बाबांचं पत्रक हातात घेऊन ती म्हणायची, "भावजी, तुमी लय लिवता वो. आर्ध्या येलात जाळा इनून होतो."

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला सिनेमावाले आले. किल्ल्यात नेहमीच कोणी ना कोणी शूटिंगला यायचं, पण हे प्रकरण मोठं होतं. एकाच सिनेमात इतके नावाजलेले नट की पुढे पोस्टर लागलं तेव्हा त्यावर डोकी मावत नव्हती. त्यांना होड्या हव्या होत्या. काकांची होडी ठरली. दुपारी ऊन फार झालं की ही मंडळी काकांच्या ओटीवर येऊन बसत. मावशीनं त्यांना कालवण-भाकरी वाढली. आणि काकांनी त्यांना गोष्ट सांगितली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण सिनेमाच्या बाजूचे लोक लगेच म्हणतात, त्यानंच तर सांगितलं. हो, त्यांनीच सांगितलं. 'चल' या शब्दापर्यंत सांगितलं. ओटीवर बसलेल्या त्या लेखकानं, दिग्दर्शकानं, कोणीतरी पुढचंही विचारलं असेल. काकांनी चहा उचलला असेल. ज्याला माणूस वाचता येतो त्याला तिथं कळायला हवं होतं की हा माणूस इथंच का थांबतो. त्यांना फक्त विनोद दिसला. तो घेऊन ते गेले, आणि पुढचं त्यांनी स्वतःच्या मनानं रचलं.

काय रचलं ते सांगते. सिनेमात समुद्रकाठचं एक गाव आहे, एक मुडदा आहे, आणि तो पळवायला टपलेले आठ जण. डॉन, त्याची बायको, खोटा पाद्री, खरा फौजदार, सगळे एकाहून एक मोठे नट. मुडदा फ्रीजमधून होडीत, होडीतून शवपेटीत फिरतो. मध्येच कोळी म्हाताऱ्याला पकडून आणतात. लॉकअपमध्ये हवालदार पट्टा मारतो आणि पट्ट्याच्या तालावर गाणं सुरू होतं. प्रत्येक फटक्याला म्हातारा एकेक नवा खून कबूल करतो. आधी शेजाऱ्याचा, मग मेहुण्याचा, मग गांधीजींचा. गांधीजींपाशी थिएटर सर्वांत जास्त हसतं. त्याच क्षणी म्हातारा डोळे पांढरे करून मरतो, फौजदार कपाळाला हात लावतो, आता मुडदे दोन झाले, आणि पुढचा अर्धा तास ते दोन मुडदे एकमेकांच्या जागी जात राहतात.

पेपरांत भांडणं लागली. कोणी लिहिलं, हिंदी सिनेमा वयात आला. कोणी लिहिलं, किळसवाणा आहे. आमच्या कॉलेजात दोन तट पडले, आणि लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. आमच्या घरात तर त्याहून वाईट झालं, कारण बाबांना तो आवडला.

"अगं, पोलिसांची इतकी खिल्ली आजवर कोणी उडवली होती का?" बाबा जेवताना म्हणाले. "आपण इतकी वर्षं पत्रकांतून जे ओरडतोय, ते त्यांनी तीन तासांत सांगितलं. लोक पैसे देऊन ऐकतायत."

"काय ऐकतायत बाबा? शेवटी फौजदाराला पदक मिळतं. म्हातारा मरतो. लोक दोघांनाही सारखंच हसतात."

"हसले की विचार करतात."

"कधी? गाडी पकडायला धावताना?"

आई भाजी वाढत होती. ती म्हणाली, "मला हसू आलं बाई. आलं त्याला मी काय करू?"

मी जास्तच चिडले. मी हसण्याच्या विरुद्ध नाही. पाचूबंदरला मयताच्या घरी जितकं हसतात तितकं मी कुठल्याही लग्नात ऐकलेलं नाही. मेलेला माणूस कसा चिक्कू होता, कशी त्याची होडी उलटी झाली होती, हे सांगून घरची बाईसुद्धा रडता रडता हसते. पण तिथं हसणारे त्याला खांदा देणार असतात. मला शोधायचं होतं की या सिनेमाला हसणारे नेमके कोणाला हसतात. म्हणून मी तो पुन्हा पाहिला, या वेळी वसईच्या थिएटरात, आणि पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत बसले.

तिथं किल्ल्याकडची, बंदरावरची माणसं बरीच होती. चुन्याच्या बादलीला तेही हसले, विरारपेक्षा जोरात. पण मागून कोणीतरी म्हणालं, "बग, फौजदाराला केली नि केला कलत नाय," आणि दुसरा हसण्याचा लोंढा आला. म्हणजे हे फौजदाराला हसत होते. विरारला लोक उच्चाराला हसले होते. मग लॉकअपचं गाणं लागलं. विरारला या गाण्यावर शिट्ट्या पडल्या होत्या. वसईत पहिल्या दोन फटक्यांना थोडं हसणं झालं आणि मग काहीच नाही. कोणी खोकलं. एक बाई उठून बाहेर गेली. पडद्यावर पट्टा तालात वाजत होता आणि खाली इतकी शांतता की पंख्याची खरखर ऐकू येत होती. सिनेमा तोच होता. मार खाल्लेलं माणूस ज्यांच्या शेजारी राहतं, त्यांना त्यावर नाचता येत नव्हतं, इतकंच.

सिनेमा आला आणि काकांची पंचाईत झाली. स्टेशनवर रिक्षावाले 'हर साल करता है' म्हणून टाळ्या द्यायला लागले. केबलवाल्यानं सिनेमा घरोघरी दाखवला. बाजारात मावशीला गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, तांडेलांनी यंदा किती केले?" मावशी म्हणायची, "तुजा नंबर राखलाय. सुरमई घेतंस का नाय?" ती हसण्यावारी न्यायची. काका मात्र बोलायचे थांबले. सुरुवातीला गोष्ट सांगायचे थांबले, मग एकूणच. होडीवर हातानं खुणा करायचे.

आणि नेमकं त्याच वेळी त्यांना बोलणं भाग होतं. खळ्याचा वाद इतकी वर्षं रेंगाळून आता महसूल खात्याच्या अधिकाऱ्यापुढं सुनावणीला आला होता. बांधकामवाल्याचं म्हणणं असं, की हद्दीचे दगड गावानं अलीकडे आणून टाकले, जागा मुळात त्याची. दगड जुने आहेत हे स्वतः पाहिलेला, स्वतः चुना लावलेला, बापाला लावताना पाहिलेला एकच माणूस जिवंत होता. काका बोलले नाहीत तर खळं गेलं. खळं गेलं की अर्ध्या गावाची सुकी मासळी गेली, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने गेले.

आमच्या वकीलबाई या कामाचे काही घेत नसत. त्या काकांच्या ओटीवर येऊन बसल्या.

"काका, तुम्ही फक्त एवढं म्हणायचं, हद्दीच्या दगडांना मी रंग देतो. तो शब्द वापरायचाच नाही."

काका जाळ्यातली गाठ सोडवत राहिले.

"किंवा 'निशाणी' म्हणा. म्हणून बघा. निशाणी."

"निशानी," मावशी आतून म्हणाली. "आता ह्याला कोन हसनार नाय कशावरनं?"

मी पेटले. म्हणाले, "त्यांनी शब्द का बदलायचा? सिनेमावाल्यांनी माफी मागायला हवी." पिशवीतून मी पत्रक काढलं. आदल्या दिवशी बसून लिहिलं होतं, मथळा 'जाहीर निषेध'. कोळी समाजाची चेष्टा, पोलिसी अत्याचाराचं उदात्तीकरण, बहिष्कार टाका, सगळं होतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. काका समुद्राकडं बघत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते हे वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

मावशी दारात येऊन उभी राहिली. "बरा लिवलाय," ती म्हणाली. "पन बाय, तुज्या निषेदाचा मी काय करू? सिनेमा उतरला तरी खला जानार. ह्यो बोलला पायजे. ह्याला बोलता कर, मंग काय त्यो निषेद कर."

ती तरी कुठं सिनेमाच्या विरुद्ध होती? नंतर मला कळलं, तिनं तो दोनदा पाहिला होता. डॉनची बायको झालेली नटी तिला आवडली होती. "काय शिव्या देते," मावशी कौतुकानं म्हणाली. "फकस्त त्या गान्याला मी डोले मिटते."

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. कचेरीतली खोली लहान होती. टेबलामागे अधिकारी, बाजूला जबानी लिहून घेणारा कारकून, समोर दोन वकील आणि भिंतीला लागून आम्ही. बांधकामवाल्याचा वकील तरुण होता, इस्त्रीचा, बोलण्यात गोडवा असलेला. त्यानं काकांना खुर्ची दिली. मग अधिकाऱ्याकडं बघून, जणू खासगीत सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "तांडेलसाहेब, साहेबांना जरा सांगा ना, खून तुम्ही दरवर्षी करता, की यंदाच केलात?"

कारकून हसला. दारातला शिपाई हसला. अधिकाऱ्यानं फाइल तोंडापाशी नेली, पण त्याचे खांदे हलताना दिसत होते. त्यानंही सिनेमा पाहिला होता. मी उठणार होते, वकीलबाईंनी माझा दंड धरला. मला आजही त्या हसण्याचा राग येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही. इतक्या मोठ्या नटांनी, इतक्या खर्चानं, इतक्या हुशारीनं मिळून जे केलं, त्याचा उपयोग शेवटी या वकिलाला झाला. कलेनं कोणाची बाजू घ्यावी की नाही यावर लोक वाद घालतात. या कलेनं न विचारताच एका बाजूला काठी नेऊन दिली होती.

काका मान वळवून वकिलाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "या कानात बोला. तो कान गेला."

वकील हसतच दुसऱ्या बाजूला आला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला.

"थांबा," काका म्हणाले. "कान कसा गेला ते सांगतो."

"विषयाला धरून बोला," अधिकारी म्हणाला.

"विषय त्योच हाय, साहेब."

आणि काका 'चल'च्या पुढं गेले. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा.

"मला चौकीवर नेला. मेल्या मानसाचा त्यांनी एकदाच इचारला. खुनाचा एकदा. मंग समदा खुनेचा. बोलले, म्हन, खून नवी हाय. म्हन, दगड तुमी गाववाल्यांनी गेल्या वर्साला आनून टाकले. मी बोललो, खून जुनी हाय, आज्याची हाय. मंग कानावर मारला. परत बोलले, म्हन, नवी हाय. मी बोललो, जुनी हाय. परत कानावर. दुसऱ्या दिवशी मला डाव्या कानानं ऐकू येईना. मंग ते उजव्या बाजूला येऊन इचारायला लागले. काय इचारतात ते मला कललाच पायजे ना."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ज्या चेहऱ्यानं सांगितलं, तो बादलीची गोष्ट सांगतानाचाच चेहरा होता. त्यात विनोद होता. खोलीत कोणी हसलं नाही. शिपायानं दाराबाहेर बघितलं.

'खुनाचा एकदा, समदा खुनेचा.' एका मात्रेचा फरक. तो ऐकला की सगळं प्रकरण उलगडतं. फौजदारानं काही चुकीचं ऐकलं नव्हतं. तो काही भाषेचा घोटाळा नव्हता, ज्यावर आख्खा देश हसत होता. रखवालदार कसा मेला हे कळायच्या आधीपासून पोलिसांना बांधकामवाल्यासाठी हद्दीबद्दल वदवून घ्यायचं होतं. विनोद नुसता दर्शनी भाग होता. इतकी वर्षं काकांनी तो दाराशी उभा केला, कारण आत कोणाला घ्यायचं नव्हतं. सिनेमावाल्यांनी तो दारासकट उचलून नेला.

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?" अधिकाऱ्यानं विचारलं. आता तो नीट बसला होता.

"कोन इचारला? समदे पयल्या भागालाच हसत होते. मी बी हसत होतो."

मग त्यांनी दगडांबद्दल सांगितलं. कुठला किती जमिनीत आहे, कुठल्याचं टोक उडालंय, चुन्याचे थर खरवडले तर किती जाड निघतील. वकीलबाईंनी जागेची पाहणी करायची मागणी केली. समोरच्या वकिलानं हरकत घेतली, पण आवाजातला गोडवा गेला होता.

शेवटी कारकुनानं जबानी वाचून दाखवली. आता सगळं पुस्तकी झालं होतं. 'हद्दीची खूण मी स्वतः दरवर्षी चुन्याने रंगवीत असे व त्यापूर्वी माझे वडील रंगवीत असत.' ण अगदी स्वच्छ. काकांनी मान हलवली. पुढं कारकुनानं वाचलं, 'चौकशीदरम्यान मला काही त्रास झाला.'

"काय?" काका म्हणाले. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. कारकुनानं उजव्या बाजूला वाकून पुन्हा वाचलं.

"तरास नाय. कान."

"अहो, तेच ते. त्रास म्हणजे सगळं आलं त्यात."

"तरास मला गाडीत बसायला पन होतो."

अधिकारी म्हणाला, "काका, हा जमिनीचा विषय आहे. मारहाणीची तक्रार वेगळी असते. इथं ती नोंदवायची गरज नाही. सही करा."

काकांनी पेन घेतलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वकीलबाई पुटपुटल्या, "आपल्या बाजूनं चाललंय, कशाला ताणता?" मावशी भिंतीपाशी उभी होती, ती म्हणाली, "बसूं द्या त्याला. आमाला गाडी नाय पकडायची." बाहेर पुढच्या सुनावणीची माणसं डोकावत होती. काका पडद्यावरच्या त्या नटापेक्षा कितीतरी साधे दिसत होते, आणि हलायला तयार नव्हते.

"लिहा," अधिकारी शेवटी कारकुनाला म्हणाला. "खूण नवीन असल्याचे मी सांगावे म्हणून मला कानावर मारण्यात आले. त्यामुळे माझा डावा कान निकामी झाला."

कारकुनानं ते लिहिलं आणि वाचलं. काकांनी सही केली.

निकाल पुष्कळ महिन्यांनी आला. पाहणीत दगड जुने निघाले, खळं गावाकडं राहिलं, समोरचा अपिलात गेला. पण मी निकालासाठी थांबले नव्हते. सुनावणीहून परततानाच मी काकांना विचारलं होतं, उजव्या बाजूला बसून, की हे छापू का.

"छाप," ते म्हणाले. "पन सिनेमाला शिव्या नको घालू. माज्या कानाचा छाप."

मी 'जाहीर निषेध' फाडून टाकला. नवं पत्रक छोटंच होतं. काका कचेरीत जे बोलले ते, त्यांच्या तोंडच्या अक्षरांत, जसंच्या तसं. छापखान्यातल्या माणसानं 'खून' खोडून 'खूण' केलं होतं, ते मी परत खोडून घेतलं. बाबांनी ते दोनदा वाचलं. सिनेमाबद्दल आम्ही नंतरही भांडलो, पण तो आवडल्याचं ते पुन्हा म्हणाले नाहीत आणि आवडला नाही असंही म्हणाले नाहीत.

विरारला सिनेमा अजून चालू होता. दुपारचा खेळ सुटायच्या वेळी मी गठ्ठा घेऊन दारात उभी राहिले. माणसं हसत, डोळे चोळत उन्हात येत होती. बहुतेकांनी पत्रक घेऊन तसंच पुढं टाकलं. काहींना ते सिनेमाचीच जाहिरात वाटली. एक चांगल्या कपड्यांतला माणूस मात्र बायकोला थांबवून तिथंच उभा राहून वाचू लागला. पहिल्या ओळींना हसला. मग हसायचा थांबला. शेवटपर्यंत वाचलं, घडी केली आणि ती कुठं ठेवावी ते न कळून हातातच धरली.

"सगळा मूड घालवलात तुम्ही," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले, आणि दुसरं पत्रक त्याच्या बायकोला दिलं.